शिफ्ट करून आलेलं माणूस

।। श्री ।।

नाशिक रोड,
१८ नोव्हेंबर २००१

ती. वन्संच्या सेवेशी,
उत्तराचे सा. न. वि. वि.

फराळ पोचल्याचं तुमचं कार्ड मिळालं. चकल्या मऊ पडल्या हे तुम्ही मुद्दाम लिहिलंत, तेव्हा तब्येत ठणठणीत असणार. कान पूर्ण गेल्यापासून तुमच्याशी फोनवर बोलता येत नाही, त्यामुळे या निमित्ताने पत्रं तरी लिहिली जातात. मृण्मयी हसते. म्हणते, आई, सगळ्या बिल्डिंगमध्ये पोस्टमनची वाट बघणारी तू एकटीच राहिलीस.

मृण्मयीचा साखरपुडा छान झाला. तुमचे गुडघे दुखत होते म्हणून आग्रह केला नाही, पण फार आठवण काढली. तुमच्या भावाने मात्र नेहमीप्रमाणे शोभा केली. व्याही देण्याघेण्याचं बोलायला म्हणून शेजारी येऊन बसले आणि हे हातात विडा धरून चक्क झोपले. व्याह्यांना वाटलं, आपलं बोलणं पटलं नाही. मृण्मयीने बाबांना कोपराने ढोसलं तेव्हा जागे झाले आणि हो हो, उत्तम, म्हणाले.

आता काळजीचं लिहिते. गणपतीपासून यांना खोकला आहे, तो जात नाही. फोटो काढला तर उजव्या फुप्फुसावर डाग दिसला. छातीचे डॉक्टर दुर्बिणीने आत बघणार आहेत. भूक, झोप कशी आहे, असं त्यांनी विचारलं. भूक कमी झालीय, पण झोपेचं विचारू नका, डोकं टेकलं की घोरायला लागतात, असं मी कौतुकाने सांगितलं. डॉक्टरही हसले.

त्यांच्या घोरण्याचा मला कधी त्रास झाला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकलहऱ्याच्या कॉलनीत पंचवीस वर्षं काढली. पॉवर हाउसची घरघर अष्टौप्रहर कानाशी. सेट ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की वाफ सुटल्याचा केवढा आवाज व्हायचा, पण त्या आवाजाने एक वेळ झोप मोडायची नाही, मागून येणाऱ्या शांततेने मोडायची. सगळ्या कॉलनीत दिवे लागायचे. ती सवय अजून गेलेली नाही. हे घोरताना मध्येच गप्प होतात, तेव्हा मला जाग येते. डाव्या कुशीत ढोसलं की पुन्हा सुरू होतात, मग मी झोपते. इतकी वर्षं हे चाललंय, त्यांना त्याचा पत्ताही नाही.

दुपारी मात्र मी त्यांना ढोसत नाही. शिफ्ट करून आलेल्या माणसाला उठवायचं नाही, हा कॉलनीचा नियम रिटायर झाल्यावरही आमच्या घरात चालू आहे. भाजीवाली बायडाबाई अजून एकलहऱ्याहून येते आणि सवयीने दारात आवाज न करता भाव बोटांनी दाखवते.

तपासणी झाली की कळवते. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची,
उत्तरा

*

धुळे,
२५ नोव्हेंबर २००१

चि. सौ. उत्तरास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. फुप्फुसावर डाग हे तू व्याह्यांच्या गोष्टीच्या मागे लपवून लिहिलंस. मी अडतीस वर्षं शाळेत शिकवलंय, पोरं प्रगतिपुस्तकात नापासाचा विषय कसा बोटाखाली झाकतात ते मला पाठ आहे. यापुढे जे असेल ते पहिल्या ओळीत लिही.

नाना लहानपणी झोपाळू नव्हता, हे तुला सांगून ठेवते. पहाटे माझ्या आधी उठून विहिरीवर जायचा. हा झोपाळूपणा नोकरी लागल्यावर, अंगाने सुटल्यावर आला. आई म्हणायची, रात्रपाळीने पोराची झोप उलटीपालटी झाली. आम्हीही त्याला कुंभकर्ण म्हणून मोकळे झालो.

माझे कान गेल्याचं एक सुख, की आता तुझ्याकडे आले तरी त्याच्या घोरण्याने माझी झोप मोडणार नाही. बाकी माझं उत्तम चाललंय. वर्गात तोंडातल्या तोंडात बोलणाऱ्या पोरांचे ओठ वाचायची सवय होती, ती आता कामी येते. फक्त मिशीवाल्या माणसांचं काही कळत नाही, म्हणून नानाला मिशी काढायला सांग.

दुर्बिणीतून काय दिसलं ते उलट टपाली कळव. तू जेवत जा.

जीव तुमच्यातच अडकलेली,
वत्सला

*

नाशिक रोड,
२० डिसेंबर २००१

ती. वन्संच्या सेवेशी,
उत्तराचे सा. न. वि. वि.

पहिल्या ओळीत लिहायला सांगितलंत, म्हणून लिहिते. कॅन्सर आहे. ऑपरेशन करता येण्यासारखा आहे, असं म्हणतात.

आणि दुसरंही एक निघालं. दुर्बीण घालण्याआधी त्यांना गुंगीचं इंजेक्शन दिलं, तर श्वासच थांबला. आत एकच धावपळ. मी दाराशी होते. डॉक्टर बाहेर येऊन विचारायला लागले, यांना असं कधी होतं का? मी म्हटलं, रोजच होतं, डाव्या कुशीत ढोसा, सुरू होतील. मग त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि एकेक विचारायला लागले.

मग मुंबईला एक रात्र ठेवून झोपेची तपासणी केली. डोक्याला, छातीला, बोटांना वायरी. स्लीप ॲप्निया म्हणतात त्याला. झोपेत घशाची वाट मिटते, श्वास अडतो, मग जीव घाबरून थोडा जागा होतो आणि श्वास घेतो. रात्रभर हेच. ज्याला आपण गाढ झोप म्हणत होतो ती झोपच नव्हती. माणूस रात्रभर घुसमटत होता आणि दिवसा पेंगत होता. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पुष्कळ पेशंटना हा त्रास असतो म्हणे, पण थकवा कॅन्सरचाच समजून कोणी विचारत नाही. आम्हाला तर विचारलं होतं. मी झोप उत्तम आहे म्हणून सांगितलं.

मला एकच गोष्ट राहून राहून छळते. रात्रपाळीला पॉवर हाउसच्या कंट्रोल पॅनलसमोर पेंग येऊ नये म्हणून हे सिगारेट ओढायचे. शौक नव्हताच कधी, रविवारी घरात एकही ओढत नसत. पेंग येते म्हणून सिगारेट, आणि सिगारेटने हे. पेंग का येते, हे आपल्यापैकी कोणी विचारलंच नाही. डॉक्टर म्हणाले, असं सरळ धागा जोडू नका, बाई. पण मी जोडते. त्याला काय करू?

आता रात्री तोंडावर मास्क लावून झोपायचं. त्याला नळी, नळीला मशीन, ते हवा आत ढकलत राहतं. त्याची सवय झाली, रक्तातला प्राणवायू सुधारला, तरच भूल देऊन ऑपरेशन करतील. आणि हे मास्क लावायला तयार नाहीत. जीव गुदमरतो म्हणतात. दोन दिवस मी रागाने बोलले नाही, मग रडले, मग मृण्मयीने त्यांना दम भरला. काल लावून झोपले. नळी लावल्यावर अगदी गणपती दिसतात. मशीनची बारीक घरघर असते, एकलहऱ्यासारखी. मला फार दिवसांनी बरी झोप लागली.

मिशी काढली आहे. मास्क नीट बसावा म्हणून. तुमचं काम आपोआप झालं.

तुमच्या आशीर्वादाची फार गरज असलेली,
उत्तरा

*

नाशिक रोड,
१७ मार्च २००२

ती. आक्कास,
नानाचा सा. न. वि. वि.

माझं अक्षर बघून दचकू नकोस. शेवटचं पत्र मी तुला नोकरी लागल्यावर लिहिलं होतं, असं उत्तरा म्हणते. शक्य आहे.

ऑपरेशन होऊन महिना उलटला. उजव्या फुप्फुसाचा तळमजला पाडला, वरचे मजले शाबूत आहेत. जिना चढताना दम लागतो, पण चढतो. डॉक्टर खूष आहेत. पत्र लिहिण्याचं कारण मात्र वेगळं आहे.

आक्का, मी जागा आहे. तुला कसं सांगू? सकाळी उठतो आणि दुपारपर्यंत जागा असतो, दुपारपासून संध्याकाळपर्यंतही जागा असतो. माझ्या पॅनलवर इतकी वर्षं एक दिवा मंद जळत होता आणि मला वाटायचं, सगळ्यांचाच तसा जळतो. आता तो नीट पेटला. पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो. उत्तरा भगूरच्या तिच्या मामांची गोष्ट सांगत होती, ते गाढवावर बसून पोस्टात गेले होते ती. मी पोट धरून हसलो. तेव्हा ती म्हणाली, ही गोष्ट मी तुम्हाला लग्न झाल्यापासून तीनचारदा तरी सांगितलीय, तुम्ही दरवेळी मध्येच झोपलात. शेवट आज पहिल्यांदा ऐकलात.

मला त्याचं वाईट वाटलं. बायको किती छान बोलते, हे मला साठीला आल्यावर कळलं. रोज संध्याकाळी आम्ही गॅलरीत बसतो आणि ती मला जुन्या गोष्टी सांगते. मृण्मयीच्या शाळेचं गॅदरिंग, आपल्या आईचं शेवटचं दुखणं. मी सगळीकडे हजर होतो, पण मला अर्धवटच आठवतंय. ती भरून काढते.

आणि स्वप्नं पडतात. कित्येक वर्षांत पडली नव्हती. परवा आई दिसली. काही बोलली नाही, पोळ्या लाटत होती. मी समोर बसून होतो, एवढंच. उठल्यावर दिवसभर बरं वाटत होतं.

मे महिन्यात मृण्मयीचं लग्न आहे. गुडघ्यांची सबब ऐकणार नाही. मी कन्यादान जागेपणी करणार आहे, ते बघायला ये. माझी मिशी नाही, तेव्हा बोललेलं सगळं तुला कळेल.

तुझा (पूर्ण शुद्धीत असलेला) भाऊ,
नाना

*

नाशिक रोड,
६ जानेवारी २००३

ती. वन्संच्या सेवेशी,
उत्तराचे सा. न. वि. वि.

आजार परत आला. डाव्या बाजूलाही आहे आणि मणक्यात आहे. ऑपरेशन नाही. डॉक्टरांनी आता वेदना कमी ठेवू, एवढंच म्हटलं. पहिल्या ओळीत लिहिलं, बघा.

लग्नात मांडवात सगळ्यांत जास्त जागे तेच होते, हे तुम्ही पाहिलंत. आहेराच्या वेळी व्याह्यांनाच डुलकी लागली तर यांनी केवढी टिंगल केली. वन्सं, मला दहा महिने मिळाले. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यातले दहा महिने हा माणूस मला पूर्ण मिळाला. देवाने ते दिलेच नसते तर मला कळलंही नसतं, आणि आता हे असं दाखवून काढून घेणं मला सोसत नाही. मी देवावर रागावले आहे. दिवा लावते, पण बोलत नाही.

खोकल्याच्या उबळी येतात म्हणून मास्क सहन होत नाही. डॉक्टर म्हणाले, नको असेल तर लावू नका, आता सुखाने राहू द्या. मशीन कोपऱ्यात गप्प आहे. उशांना टेकून बसल्या बसल्या झोपतात, श्वास मध्येच थांबतो, मी ढोसते. दुपारीसुद्धा ढोसते. कॉलनीचा नियम मीच मोडला. माझा डोळा लागला आणि त्या वेळात ते गेले तर, या भीतीने मी पाठ टेकत नाही. एकटं, झोपेत, घुसमटून, कोणाला न सांगता, असं त्यांनी जाऊ नये. माझं एवढंच मागणं आहे. परवा आमटी उतू जाऊन गॅस विझला तरी मला वास आला नाही, मी उभ्या उभ्या पेंगत होते. आता मला त्यांची सगळी नोकरी समजली.

मृण्मयीला पाचवा महिना आहे, तिला इथे बसवून घेता येत नाही. तुम्हाला या म्हणावं असं फार वाटतं. पण खरं लिहू का, राग मानू नका. श्वास थांबला हे ज्याला ऐकू येतं त्यालाच राखण करता येते. म्हणून लिहू की नको, यात चार दिवस गेले.

तुमच्या आधाराकडे डोळे लावून बसलेली,
उत्तरा

*

धुळे,
११ जानेवारी २००३

चि. सौ. उत्तरास,
अनेक आशीर्वाद.

राग कसला मानायचा. मी बहिरी आहे, ही काही बातमी नाही.

नाना तीन वर्षांचा असताना त्याला डांग्या खोकला झाला होता. आई दिवसभर रांधून थकायची, म्हणून दुपारी त्याला माझ्याजवळ द्यायची. मी आठ वर्षांची. त्याच्या पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध हात ठेव, म्हणाली होती, हात वर खाली होतोय तोवर काळजी नाही, थांबला तर थोपट. मी तेव्हाही कानाने राखण केली नव्हती. तो वाचला.

परवाच्या बसने येते. दुपारी माझा हात त्याच्या पाठीवर राहील आणि तू झोपशील. नियम करून घे. तिळगूळ करू नकोस, मी करून आणते आहे. तुझा पाक दर वर्षी चुकतो.

निघायच्या घाईत,
वत्सला

*

नाशिक रोड,
१९ मार्च २००३

ती. वन्संना,
उत्तराचा नमस्कार.

तुम्ही धुळ्याला नीट पोचल्याचं कळलं. इथलं सगळं पार पडलं. माणसं आली, गेली. मृण्मयी आठ दिवस राहून पुण्याला गेली. बायडाबाई येऊन दारात बसून रडली, पैसे न घेता मेथीची जुडी ठेवून गेली.

तुम्ही दोन महिने जे केलंत ते मी विसरणार नाही. तुम्ही आल्यापासून रोज दुपारी दोन घास पोटात गेले की मी पलंगाशेजारी चटईवर पडत होते. तुमचा हात त्यांच्या पाठीवर बघितला की निर्धास्त झोप लागायची. त्या दिवशीही लागली. पण उठवलं कोणीच नाही. उन्हं पार भिंतीवरून गेली होती. तुम्ही तशाच बसला होतात, तुमचा हातही तिथेच होता, आणि ते गेले होते.

मी तेरा दिवस तुम्हाला विचारलं नाही. आता विचारल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या हाताला कळलं नाही का? कळलं असेल तर मला का उठवलं नाहीत? मी त्यांना इतके दिवस ढोसून ढोसून परत आणलं, तिथे मी हाताच्या अंतरावर झोपले होते. माझी एवढीच भीती होती, तुम्हाला मी स्वतः लिहिली होती. त्यांनी झोपेत एकटं जाऊ नये. आणि नेमकं तसंच झालं. डॉक्टर म्हणतात, त्या दिवशी कोणी काही करू शकलं नसतं. मला त्यांच्याकडून नाही ऐकायचं. मी तुमच्यावर रागावले आहे वन्सं, आणि रागावले आहे हे तुमच्याखेरीज कोणाला सांगू तेही कळत नाही.

उत्तरा

*

धुळे,
२६ मार्च २००३

चि. सौ. उत्तरास,
अनेक आशीर्वाद.

हात सवयीने वर सौ. लिहून गेला. खोडायला घेतलं, पण खोडवेना. राहू दे.

तू रागावलीस ते बरं झालं. मी वाटच बघत होते. घरात माणसं होती. माझा आवाज मला कळत नाही, मी हळू म्हणून सांगते ते शेजारपाजारी ऐकतात. हे असं ओरडून सांगण्याजोगं नव्हतं. म्हणून तुझ्या पत्रासाठी थांबले.

तू विचारलंस, हाताला कळलं का. कळलं. पण तो झोपेत गेला नाही, उत्तरा. तो जागा होता.

तू झोपल्यावर थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले. चांगले स्वच्छ होते, लग्नात होते तसे. श्वास मात्र अगदी वरवरचा चालला होता, माझ्या हाताला तो जेमतेम लागत होता. मला समजलं. मी तुला हलवायला वाकले, तर त्याने माझं मनगट धरलं. त्याच्यात एवढा जोर राहिला असेल असं वाटलं नव्हतं. मी त्याच्या ओठांकडे पाहिलं. शिफ्ट करून आलीय, उठवू नकोस, असं म्हणाला. मिशी नव्हती, त्यामुळे माझी चूक होण्याचा प्रश्न नाही.

मी तरी पुन्हा वाकले. मी ऐकणारी बहीण कधीच नव्हते. तेव्हा त्याने तुझ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या कानाकडे, आणि गाल फुगवून दाखवले. मला आधी कळेना. मग कळलं. तू घोरत होतीस. मला ते ऐकू येणं शक्य नव्हतं, म्हणून तो मला सांगत होता. हसत होता गं. एवढं दुखणं अंगावर असून लहानपणी माझी खोडी काढताना हसायचा तसा हसला.

मग तो तुझ्याकडे तोंड करून ऐकत राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून होते. श्वास दूर दूर जायला लागले. एकदा थांबला, तेव्हा मी आईने सांगितल्याप्रमाणे थोपटलं, तो आला. पुन्हा थांबला, तेव्हा मी थोपटलं नाही. त्याचे डोळे तुझ्यावरच होते, मीच ते मिटले. त्यानंतर तुला उठवता आलं असतं. पण त्याने उठवू नकोस म्हटलं होतं, आणि तुझ्या चेहऱ्यावर किती महिन्यांची झोप होती ते मला दिसत होतं. म्हणून तुझी झोप पुरी होईपर्यंत मी त्याला धरून बसून राहिले.

तुला पटलं नाही तर राग चालू ठेव, माझी तक्रार नाही. मी त्याची मोठी बहीण आहे, त्याचं एवढं शेवटचं ऐकलं.

पुढच्या महिन्यात मृण्मयीच्या बाळंतपणाची तयारी करायला मी येणार आहे, डिंकाचे लाडू तू करू नकोस. तोवर जेवण झालं की दार लावून पडत जा. बायडाबाई आली तर बोटांनी भाव दाखवून, भाजी दाराशी ठेवून जाईल. तुला कोणी उठवणार नाही.

तुझीच,
वत्सला